मोडलेला फोन आणि दुरुस्तीचे अर्थशास्त्र

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट हे आसपासच्या वाड्यावस्त्यांना बाजारहाटासाठी जवळचे असलेले गाव. अशा कोणत्याही गावात आज एक दृश्य नित्याचे झाले आहे. काच तडकलेला किंवा चार्ज होईनासा झालेला फोन घेऊन गिऱ्हाईक दुकानाच्या काउंटरशी उभे असते. दुकानदार फोन उलटसुलट करून पाहतो आणि सांगतो, ‘‘साडेचार हजार लागतील. त्यापेक्षा थोडे पैसे घाला अन् नवाच घ्या की.’’ गिऱ्हाईक विचारात पडते आणि ‘घरी विचारून येतो’ असे सांगून काढता पाय घेते. घरी त्याला दोन सल्ले मिळतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, वस्तू चालते तोवर चालवावी. मुले म्हणतात, जुन्यात पैसे घालणे म्हणजे पाण्यात घालणे. दोन्ही सल्ल्यांमागे एकेक जीवनदृष्टी आहे. हिशेब मात्र कोणाच्याच मागे नाही.

हा हिशेब नीट मांडून पाहिला तर दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे, तो दिसतो तितका अवघड नाही. दुसरी अधिक महत्त्वाची. फोन दुरुस्त करणे परवडेल की नाही, हे गिऱ्हाईक काउंटरशी येण्याच्या कितीतरी आधी, कारखान्यात आणि कायद्याच्या पुस्तकात ठरून गेलेले असते. काटकसर आणि हौस यांचा वाद घरात चालतो, पण त्याचा निकाल बाहेर लागतो.

चैनीची वस्तू राहिली नाही

एका फोनचा प्रश्न तो काय, असे कोणास वाटेल. परंतु भ्रमणध्वनी ही चैनीची वस्तू होती ते दिवस मागे पडले. पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करावी अशी ई-पीक पाहणीची पद्धत महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थी महिलांना सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येणारा ओटीपी हाच शासनाच्या दाराची किल्ली ठरला. विद्यार्थ्याचा प्रवेशअर्ज, शिष्यवृत्ती, बँकेचा व्यवहार, किराणा दुकानातील देणे, या सर्वांची वाट आता याच यंत्रातून जाते. फोन बंद पडला की कुटुंबाचा व्यवहारच काही काळ अडतो.

आणि हे यंत्र स्वस्त नाही. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील मजुरीदर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने १५,००० रुपयांचा फोन म्हणजे ४८ दिवसांची मजुरी होते, आणि साडेचार हजारांची दुरुस्तीदेखील चौदा दिवसांहून अधिक मजुरी खाते. शाळेतील शिक्षकाला किंवा कचेरीतील लिपिकाला ही रक्कम एवढी जड नसेल. पण हप्त्याने घेतलेला फोन हप्ते फिटण्याआधीच मोडतो, तेव्हा त्याच्याही अंदाजपत्रकाला भगदाड पडते. तेव्हा निर्णय विचारपूर्वक घेण्यास पुरेसे कारण आहे.

हिशेबाची रीत

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला जे शिकवले जाते, त्यातील दोन नियम येथे पुरे आहेत. पहिला नियम बुडीत खर्चाचा. फोन तीन वर्षांपूर्वी किती रुपयांना घेतला होता, गेल्या दिवाळीत त्यात आणखी किती घातले, या गोष्टी निर्णयाच्या दृष्टीने अप्रस्तुत आहेत. तो खर्च आता कोणत्याही मार्गाने परत येणार नाही. ‘एवढे घातलेच आहेत तर आणखी थोडे’ हा विचार जसा चुकीचा, तसाच ‘याने आधीच खूप खाल्ले, आता एक पैसा नाही’ हा संतापही चुकीचा. हिशेब आजपासून पुढचा करावयाचा असतो.

दुसरा नियम असा की, तुलना किमतींची करू नये. मिळणाऱ्या सेवेच्या दरमहा खर्चाची करावी. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शिक्षकाच्या फोनचा पडदा फुटला आहे. चांगल्या प्रतीचा पडदा बसवण्यास ४,५०० रुपये लागतात आणि त्यानंतर फोन दीड वर्ष चालेल असा अंदाज आहे. म्हणजे दुरुस्तीचा खर्च दरमहा २५० रुपये पडला. तशाच योग्यतेचा नवा फोन १५,००० रुपयांना मिळतो आणि तो चार वर्षे टिकेल असे धरले, तर खर्च दरमहा सुमारे ३१२ रुपये होतो. मोडका फोन देऊन दुकानदाराने हजार रुपये वळते केले तरी तो आकडा २९२ च्या खाली येत नाही. अर्थात दुरुस्ती स्वस्त. शिवाय खरेदी दीड वर्ष पुढे ढकलल्याने १०,५०० रुपये हातात राहतात, आणि त्यांवर वार्षिक सात टक्क्यांनी व्याज धरले तर सुमारे ११०० रुपयांची भर पडते. नवा फोन कर्जाऊ हप्त्यांवर घ्यावयाचा असेल, तर हेच व्याज उलट्या दिशेने वाहते.

आता याच उदाहरणातील एकेक आकडा बदलून पाहू. दुकानदाराने २,००० रुपयांत ‘फर्स्ट कॉपी’ पडदा बसवून दिला आणि तो सहाच महिने टिकला, तर खर्च दरमहा ३३३ रुपये झाला. जी दुरुस्ती सर्वांत स्वस्त वाटली, तीच सर्वांत महाग ठरली. दुसरा बदल असा: पडदा उत्तम आहे, पण कंपनीने त्या फोनला सुरक्षेची अद्ययावत प्रणाली देणे थांबवले आणि वर्षभरात बँकेचे अ‍ॅप त्यावर चालेनासे झाले. मग दीड वर्षाचे आयुष्य एका वर्षावर आले, खर्च दरमहा ३७५ रुपये झाला, आणि नवा फोन घेणेच शहाणपणाचे ठरले. फोन तोच, मोड तीच, मजुरी तीच. निर्णय फिरला तो गिऱ्हाइकाच्या हाती नसलेल्या एका गोष्टीमुळे.

दुरुस्तीचा खर्च नव्या किमतीच्या निम्म्याहून अधिक झाला की नवा घ्यावा, असा एक लोकप्रिय ठोकताळा आहे. तो सोपा आहे, म्हणून लोकप्रिय आहे. परंतु त्यात आयुर्मानाचा विचारच नाही. बॅटरी बदलण्याचा खर्च लहान असतो आणि तिने मिळणारे आयुष्य मोठे असते. उलट मदरबोर्ड गेला असेल, तर निम्म्याहून कमी खर्चाची दुरुस्तीही जुगारच असते. फुगलेली बॅटरी तर एक दिवसही वापरू नये. आणि दुरुस्ती व नवी खरेदी यांच्या दरम्यान तिसराही मार्ग आहे, तो वापरलेल्या फोनचा. तो घेताना डायल पॅडवर तारांकन, हॅश, शून्य, सहा, हॅश ही कळ दाबून दिसणारा आयएमईआय क्रमांक केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ सेवेवर तपासून घेता येतो. चोरीचा माल स्वस्तात पदरात पाडून घेण्याचा धोका त्यामुळे टळतो.

टंचाई विश्वासाची

हिशेब एवढा सरळ असता तर प्रश्नच नव्हता. अडचण अशी की, त्यातील सर्वांत महत्त्वाचा आकडा, म्हणजे दुरुस्तीनंतरचे आयुष्य, गिऱ्हाइकास ठाऊक नसतो. बसवलेला पडदा मूळचा की नकली, ‘आयसी’ खरोखर जळली होती की केवळ चार्जिंगच्या जॅकमध्ये धूळ साचली होती, हे उघडलेल्या फोनकडे पाहून सामान्य माणसास कळत नाही. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, जेथे विकणाऱ्यास मालाची प्रत ठाऊक असते आणि घेणाऱ्यास नसते, तेथे घेणारा सरासरी प्रतीचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल परवडत नाही आणि तो हळूहळू बाजारातून निघून जातो. या विचारासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. खोटे नाणे खऱ्या नाण्यास चलनातून हुसकावते, हा ग्रेशॅमचा नियम ज्यांनी वाचला आहे, त्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही.

मोबाईल दुरुस्तीच्या बाजारात नेमके हेच घडते. चांगला भाग बसवून साडेचार हजार मागणारा कारागीर आणि नकली भाग बसवून दोन हजार मागणारा शेजारी यांच्यातील फरक गिऱ्हाइकास दिसत नाही. दिसते ती किंमत. प्रामाणिक माणूस गिऱ्हाईक गमावतो, किंवा नाइलाजाने तोही नकली मालाकडे वळतो. मग लोक म्हणतात की दुरुस्तीत अर्थ नाही. यात दोष एकट्या कारागिराचा मानणे अन्यायाचे होईल. मूळ सुटे भाग, जोडणीची माहिती आणि हत्यारे अधिकृत सेवा केंद्रांपुरतीच राखून ठेवली, तर खेड्यातील कारागिराने ती आणावी कोठून? पुष्कळदा त्याला नकली मालाच्या बाजारात ढकलणारा कंपनीचाच दरवाजा असतो.

यावर गिऱ्हाइकाच्या हाती काही साधे उपाय आहेत. कोणता भाग, कोणत्या प्रतीचा, किती किमतीचा, हे लिहिलेली पावती मागावी. बसवलेल्या भागाची निदान तीन महिन्यांची हमी तीवर लिहून घ्यावी. काढलेला जुना भाग परत मागावा. फोन देण्यापूर्वी त्यातील माहितीची प्रत काढून ठेवावी, सिमकार्ड काढून घ्यावे आणि पैशांच्या व्यवहाराचा पिन कोणासही सांगू नये. जो कारागीर या अटी आनंदाने मान्य करतो, त्याला दोनशे रुपये अधिक देणे हा तोटा नव्हे. त्या दोनशे रुपयांत आपण माहिती विकत घेत असतो.

आयुष्य कोण ठरवतो?

वस्तू किती टिकावी हे केवळ तंत्रज्ञान ठरवते, असा आपला समज असतो. इतिहास वेगळे सांगतो. जगातील प्रमुख दिवे-उत्पादकांनी १९२४ साली जिनिव्हात ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य सुमारे १,००० तासांवर आणले. तोवरचे दिवे त्याहून बरेच अधिक जळत. अधिक टिकणारा दिवा बनवता येत नव्हता म्हणून हे झाले नाही. तो विकणे फायद्याचे नव्हते, म्हणून झाले.

आपल्या काळातील उदाहरण अ‍ॅपल कंपनीचे. बॅटरी जुनी झालेल्या काही फोनांचा वेग प्रणालीद्वारे कमी केला जातो, ही गोष्ट कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केली. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले, असे तिचे म्हणणे होते. परंतु गिऱ्हाइकास ते सांगितलेले नव्हते. फोन मंदावला तो बॅटरीमुळे, हे ज्यास ठाऊक नाही, तो बॅटरी बदलण्याऐवजी फोनच बदलणार. याच कारणावरून फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीस अडीच कोटी युरोंचा दंड झाला. अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे ती मधली घटना. लोकांच्या रोषामुळे कंपनीने २०१८ सालापुरता बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणला. जानेवारी २०१९ मध्ये विक्रीचा अंदाज खाली आणताना कंपनीच्या प्रमुखांनी भागधारकांना जी कारणे कळवली, त्यांत या स्वस्त बॅटरीचाही उल्लेख होता. दुरुस्ती स्वस्त आणि उघड झाली की लोक आपण होऊन दुरुस्तीकडे वळतात, याची याहून स्पष्ट कबुली मिळणे कठीण. लोकांना जुने नकोच असते, हा व्यापाऱ्यांचा आवडता सिद्धान्त येथे कोसळतो.

आजच्या फोनांत हीच गोष्ट इतर मार्गांनी घडते. काच आणि पडदा एकमेकांस चिकटवलेले असल्याने काचेला तडा गेला तरी सगळा ‘कॉम्बो’ बदलावा लागतो. बॅटरी डिंकाने घट्ट बसवलेली असल्याने ती घरी काढता येत नाही. काही कंपन्यांच्या फोनांत सुटा भाग त्या विशिष्ट फोनाशी क्रमांकाने जखडलेला असतो, आणि दुसऱ्या फोनातून काढलेला अस्सल भागही तेथे पूर्ण काम करीत नाही. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२४ साली कायदा करून या जखडण्यास बंदी घातली. फोन पातळ व्हावा, त्यात पाणी शिरू नये, ही कारणे अगदीच खोटी नाहीत. परंतु पातळपणाचा लाभ जाहिरातीत दिसतो आणि त्याची किंमत तीन वर्षांनी दुरुस्तीच्या काउंटरवर मोजावी लागते, हेही तितकेच खरे.

बलुत्यातील एक धडा

दुरुस्तीचा व्यवहार आपल्या खेड्यास नवा नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे तपशीलवार वर्णन आहे, ते वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. सुताराने नांगर नीट करावा, लोहाराने फाळ शेवटावा, आणि सुगीच्या वेळी कुणब्याच्या खळ्यावरून त्याने आपले धान्य न्यावे, अशी ती रीत. मोबदला दर दुरुस्तीगणिक मोजला जात नसे. तो वर्षाचा असे. याचा आर्थिक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. नांगर वर्षातून चारदा मोडला तर सुताराचे कष्ट चौपट होत, धान्य मात्र तेवढेच राही. साहजिकच अवजार भक्कम करणे त्याच्याच हिताचे होते. करणाऱ्याचे हित आणि वापरणाऱ्याचे हित एका दिशेस होते.

बलुतेदारी परत यावी, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. जातीने जखडलेला धंदा, खळ्यावर हात पसरण्याची लाचारी आणि मोबदला ठरवण्यात बलुतेदाराला नसलेला आवाज, या गोष्टी विसरून त्या व्यवस्थेचे गोडवे गाणे हा त्या माणसांवरील अन्याय होईल. ती मोडली हे योग्यच झाले. परंतु तिच्यातील मोबदल्याच्या रचनेचा धडा जातीपासून वेगळा काढून घेता येतो. आज कंपनीस पैसा मिळतो तो विक्रीवर; फोन लवकर मोडला तर तिचे नुकसान होत नाही, झालाच तर लाभ होतो. कायद्याने पाच वर्षांची प्रणाली आणि सात वर्षांचे सुटे भाग देणे बंधनकारक केले, की फोन टिकण्याची थोडी तरी जबाबदारी कंपनीच्या अंगावर येते. हितांची दिशा जुळवण्याचे जे काम पूर्वी वर्षाचे बलुते करीत असे, ते आज कायद्याने करावयाचे आहे.

दुरुस्तीच्या दुकानास कमी लेखणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावात निघालेल्या सायकलींच्या दुकानातून झाला. पुढे लोखंडी नांगर आले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. दुसऱ्याने बनवलेले यंत्र हाताळता हाताळता स्वतःचे यंत्र बनवण्याची बुद्धी येते. सोल्डरिंगची लेखणी हाती धरून भिंगाखाली पाहणारा ईटसारख्या गावातील तरुण म्हणजे त्या अर्थाने केवळ किरकोळ मजूर नाही.

ओला फोन वाट पाहत नाही

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा धाराशिव जिल्ह्यातील भूम आणि परांडा हे तालुके पुराच्या तडाख्यात सापडले. घरांत पाणी शिरले की जे भिजते त्यात फोनही असतो, आणि मदतीसाठी, पंचनाम्यासाठी, बँकेसाठी त्याची गरज नेमकी त्याच वेळी सर्वांत अधिक असते. फोन तांदळाच्या डब्यात ठेवावा, असा एक घरगुती उपाय सर्वत्र सांगितला जातो. त्याने काही साधत नाही. पाणी वरवर सुकले तरी त्यातील क्षार आतल्या तांब्याच्या रेषांवर राहतात आणि गंज चढू लागतो. फोन ताबडतोब बंद करावा, चार्जिंगला मुळीच लावू नये, आणि शक्य तितक्या लवकर जाणकाराकडून उघडून स्वच्छ करून घ्यावा, हाच मार्ग आहे.

‘शक्य तितक्या लवकर’ या शब्दांत सगळे अर्थशास्त्र आहे. हमीच्या अटींतून पाण्याने झालेली हानी बहुधा वगळलेली असते. अधिकृत सेवा केंद्र गाठायचे तर जिल्ह्याचे ठिकाण नाहीतर सोलापूर, पुणे. ईटहून तेथवर जाऊन येण्यात एक दिवसाची मजुरी बुडते, प्रवासखर्च होतो, आणि फोन तेथेच ठेवावा लागला तर दुसरी खेप पडते. हा सगळा वैकल्पिक खर्च दुरुस्तीच्या बिलात दिसत नाही, पण तो भरतो गिऱ्हाईकच. गंज मात्र तोवर थांबत नाही. पायी जाऊन गाठता येईल अशा अंतरावर असलेला कुशल कारागीर ही म्हणूनच त्या गावाची मालमत्ता आहे, जशी विहीर किंवा दवाखाना असतो. नव्या फोनचे पंधरा हजार बहुतांशी गावाबाहेर जातात. दुरुस्तीत सुटा भाग बाहेरून आला तरी मजुरी गावात राहते आणि गावातच खर्च होते.

कायदा कोठवर आला?

सुट्या भागांवरील मक्तेदारीचा प्रश्न भारतात प्रथम मोटारींच्या संदर्भात ऐरणीवर आला. एका तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना, स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि माहिती न दिल्याबद्दल, एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तत्त्व स्पष्ट होते: गाडी विकली म्हणजे तिच्या दुरुस्तीचा बाजारही आपल्या मालकीचा, असे कंपनीस मानता येणार नाही. हेच तत्त्व फोनला लागू करण्याच्या दिशेने केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तीत अग्रक्रमाची ठरली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयाचे संकेतस्थळ सुरू झाले. मे २०२५ मध्ये आणखी एका समितीने ‘दुरुस्ती-सुलभता निर्देशांका’चा आराखडा सादर केला. वस्तू उघडण्यास किती सोपी, माहिती उपलब्ध आहे का, सुटे भाग वाजवी वेळात मिळतात का, प्रणाली किती काळ अद्ययावत राहील, हत्यारे आणि स्क्रू कोणत्या प्रकारचे, अशा कसोट्यांवर पाचपैकी गुण देण्याची ही कल्पना आहे.

कल्पना चांगली आहे, कारण ती अकरलॉफच्या दुखण्यावर नेमके औषध देते. खरेदीच्या वेळीच गिऱ्हाइकास दुरुस्तीची सोय दिसली, तर ती किमतीत मोजली जाईल. परंतु शिफारस आणि सक्ती यांत मोठे अंतर असते. फ्रान्सने असा निर्देशांक १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक केला. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या नव्या फोनांना विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग पुरवण्याची, निदान पाच वर्षे प्रणाली अद्ययावत ठेवण्याची आणि बॅटरीने ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता टिकवण्याची अट लागू झाली. त्याच कंपन्या आपल्याकडेही फोन विकतात. पॅरिसच्या गिऱ्हाइकास जी हमी मिळते ती परांड्याच्या गिऱ्हाइकास का मिळू नये, याचे तांत्रिक उत्तर कोणाकडेही नाही.

सरकारच्या आर्थिक धोरणातही एक विसंगती आहे. मोबाईलचे उत्पादन देशात वाढावे म्हणून २०२० साली सुमारे ४१,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर झाली. तिचा परिणाम दिसला, रोजगार वाढले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र दुरुस्तीच्या वाट्यास असे प्रोत्साहन आले नाही. नोंदणीकृत दुकानातील दुरुस्तीवर नव्या फोनइतकाच, म्हणजे १८ टक्के, वस्तू व सेवा कर आहे. ऑस्ट्रियाने एप्रिल २०२२ मध्ये विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचे निम्मे बिल, २०० युरोंच्या मर्यादेत, सरकारने भरण्याची योजना सुरू केली होती. आपल्या तिजोरीस एवढे झेपणार नाही. परंतु सुट्या भागांवरील आणि दुरुस्तीवरील कर कमी करणे, त्यांच्या किमती जाहीर करण्याची सक्ती करणे आणि कौशल्यविकासाचे मोबाईल दुरुस्तीचे अभ्यासक्रम तालुक्याच्या ठिकाणी नेटाने चालवणे, हे अशक्य कोटीतील नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन विद्युत-कचरा निर्माण झाला आणि त्यातील शेकडा २२.३ एवढाच रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आला. प्रत्येक वर्षाने लांबलेले फोनचे आयुष्य हा या ढिगावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

असे बदल आपोआप होत नाहीत. १९७४ साली पुण्यात आणि १९७५ साली मुंबईत ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली, तेव्हा वजन-मापे आणि भेसळ हे तिचे विषय होते. पावती मागणे ही त्या काळी भांडखोरपणाची खूण समजली जाई. आज ती रीत झाली आहे. आता दुकानात नवा फोन पाहताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे विचारण्याआधी तीन प्रश्न विचारण्याची रीत पडली पाहिजे: याची बॅटरी आणि पडदा बदलण्यास किती खर्च येईल, सुटे भाग किती वर्षे मिळतील, आणि प्रणाली कोणत्या सालापर्यंत अद्ययावत राहील. या प्रश्नांची उत्तरे आज दुकानदारापाशी नसतील. शिक्षकांनी, लिपिकांनी, विद्यार्थ्यांनी ते विचारीत राहावे. पुष्कळ गिऱ्हाइके एकच प्रश्न विचारू लागली, म्हणजे दुकानदार तो वितरकाला विचारतो आणि वितरक कंपनीला. तोवर मोडलेला फोन हाती घेऊन घरी परतणाऱ्याने एवढेच करावे: कागदावर दोन आकडे मांडावेत, त्यांना महिन्यांनी भागावे, आणि जो कारागीर पावतीवर सही करावयास तयार असेल त्याच्याकडे जावे.